फोटोखालचं नाव

अमेरिकेतल्या कॉलेजच्या फॉर्मवर समाजसेवेचा रकाना रिकामा होता, म्हणून बारावीतला ईशान आपल्या कोथरूडच्या सोसायटीमागच्या वस्तीतल्या मुलांचा फोटोग्राफीचा मेंटॉर झाला. "तुमचं रोजचं जग टिपा, मग सोसायटीत प्रदर्शन लावू," असं सांगून त्यानं आपला कॅमेरा आळीपाळीनं एकेकाच्या हातात दिला.

आठवीतल्या अक्षतानं एकच फोटो आणला. बाल्कनीत, फिनाइलच्या बाटलीशेजारी पालथा घातलेला, कान तुटलेला कप.

"काय फ्रेम आहे यार! प्रदर्शनात मधोमध हाच. आणि खाली तुझं नाव, मोठ्या अक्षरांत."

आपलं नाव भिंतीवर लागणार म्हणून अक्षता खुलली.

"तुमच्या घरातला कप का गं?"

"नाही दादा, तुमच्या. माझी आई तुमच्याकडं भांडी घासते ना, तिला ह्याच कपात चहा देतात."

ईशाननं फोटो मोठा करून पाहिला; बाल्कनी त्यांचीच होती. एवढी भारी फ्रेम सोडवतही नव्हती.

"फोटो लावू," तो शेवटी म्हणाला, "पण खाली नाव नको. उगाच आईला वाईट वाटेल."

अक्षतानं विचारलं, "कुणाच्या आईला?"