मधला फोटो

“मेल्या, माझा पोरगा भूत हाय व्हय?” सोनाक्का फोटोवाल्यावर कडाडल्या. त्याच्या लॅपटॉपवर वास्तुशांतीचा लांबलचक फोटो होता. सगळं गणगोत ठसठशीत उभं होतं. थोरला हिंदुराव तेवढा धूसर, अन् त्याच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. आक्कांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

“आक्का, फोटो लांब, म्हणून तुकड्या-तुकड्यानं काढून जोडला. ऊन कडक होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याचे तीन फोटो काढले. एक गडद, एक मध्यम, एक उजळ. मग ते एकात एक मिसळले. दादा मधेच हलले, म्हणून असं झालं.”

“हलला? मी सगळ्यांना दम भरला होता. माझ्यापुढं हलायची कुणाची टाप हाय? दाखव तिन्ही.”

पहिल्यात हिंदुराव ताठ उभा होता. तिसऱ्यातही ताठ, वर हसरा. मधल्या फोटोत मात्र तो वाकला होता. डोळे गच्च मिटलेले, मूठ छातीवर आवळलेली.

आक्कांनी मागं वळून पाहिलं. हिंदुराव दारातच उभा होता. “काय न्हाई गं आई, पित्त झालंतं.”

“गप! तुझा बापबी पित्तच म्हणत गेला.” आक्कांचा आवाज चिरकला. “गाडी काढा रे कुणीतरी!”