बहात्तर नंबर

बहात्तर.

खांद्यावरचा घट्टा, सुपारीएवढा.

हिरवळीवर पडलेलं पिवळं फडकं.

ढोल, आणि ढोलाच्या वर हवेत थांबलेलं टिपरू.

पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच मैदानाच्या मधोमध आला, कमरेचं बटण दाबून इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यातलं ‘सेव्हंटी टू’ तेवढं सगळ्या गावाला कळलं. बाबल्याचं टिपरू ढोलावर पडलं. सभागृहातली शंभरेक माणसं खुर्च्यांवरून उठली. दारात लवूने फटाक्यांची माळ पेटवली.

"दुसऱ्यांदा नाव घेतलान," बाबल्या ढोलाच्या वर आवाज काढून म्हणाला. "अमेरिकेत, गोदाकाकी. अमेरिकेत."

गोदा हसत होती आणि पदराने डोळे टिपत होती. बहात्तर नंबर म्हणजे तिचा ऋत्विक. इथे सोमवारची सकाळ, साडेनऊची. तिकडे रविवारची रात्र सरत आलेली, आणि हेल्मेट घालून तो फुटबॉल खेळत होता. त्यांचा फुटबॉल. पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात तो.

केरूही टाळ्या वाजवत होता. केरू गोदाचा भाऊ, ऋत्विकचा मामा. शिमग्यात देवाची पालखी नाचवताना तीस वर्षं पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असायचा, घट्टा त्याचाच, आणि भाचा अमेरिकेला जाईपर्यंत शेजारी भाचा. केरूच्या दंडाला हात लावून ऋत्विकची बहीण दर्शना कानाशी आली.

"मामा, टाळ्या नको."

"का गो?"

"चुकला की नंबर सांगतात. पंच ते पिवळं फडकं टाकतात ना, ते चुकीचं असतं."

केरूचे हात होते तिथेच राहिले. "मग मघाशी?"

"मघाशीपण."

"आणि तू गप बसलीस?"

"आई बघ ना किती हसतेय."

ढोल वाजत होता तेवढ्यात तिने भराभरा सांगून टाकलं. चेंडू ऋत्विकच्या हातात येतच नाही, कधीच. चेंडू फेकणारा गडी मागे उभा असतो. त्याच्यावर जो धावून येईल त्याला अंगाने अडवायचं, एवढंच याचं काम. पण धरायचं नाही. धरलं की फडकं. आणि कबड्डीत आयुष्यभर धरण्याचीच बक्षिसं घेतलेली. दोन वर्षं बाकावर बसवल्यावर आज पहिल्यांदा उभा केलाय, तोही दुसऱ्याचा गुडघा गेला म्हणून. करार या सामन्यापुरताच उरलाय.

"आणि तिसऱ्यांदा नंबर घेतलान तर?"

"तर शिमग्याला घरी येईल," दर्शना म्हणाली. "मग परत जायचं नाही."

केरूने पडद्याकडे पाहिलं. सहा सेकंद उरलेली. ऋत्विकचा संघ चार गुणांनी मागे, आणि चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे झेलला तर सहा मिळणार. एकच डाव.

सगळं गाव चेंडूकडे बघत होतं. केरू डाव्या कोपऱ्यात बघत होता, बहात्तर नंबरच्या पायांकडे.

चेंडू उचलला गेला. समोरून एक धिप्पाड गडी सुटला तो थेट ऋत्विकच्या छातीवर. ऋत्विक मागे सरला. एक पाऊल, अर्धं पाऊल, पुन्हा अर्धं. केरूच्या पायाची बोटं चपलेत आवळली. पालखी अंगावर आली की अशीच घ्यायची असते, भार मांड्यांत उतरवून. समोरचा आतून शिरायला गेला. ऋत्विक आडवा झाला. बाहेरून गेला, तिथेही आडवा. पंजे उघडे. धरू नको, लेका. उघडेच ठेव. दोन सेकंद. तीन. समोरचा फिरला, निसटला असं वाटलं, ऋत्विकचा उजवा हात त्याच्या कमरेकडे गेला, आणि बोटं मिटायच्या आत मागे आला. त्याने खांदा घातला. चार.

चेंडू कुठे गेला ते केरूने पाहिलंच नाही. सभागृह उसळलं तेव्हा त्याला कळलं, की कुणीतरी तो रेषेपलीकडे झेलला होता.

आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं फडकं पडलं होतं.

"पडला रे पडला," बाबल्या म्हणाला. "आता नाव घेतील बघा." लवूने नवी माळ सोडवली. गोदाने हात जोडले.

दर्शनाने मामाचं मनगट घट्ट धरलं. "त्याचा असेल तर सगळं बाद. मग हरलेच."

पंच मधोमध आला. बटण दाबलं.

नाइन्टी वन.

दर्शनाचा हात सुटला. "समोरच्याचा, मामा. चेंडू उचलायच्या आधीच तो मधली रेषा ओलांडून आला. जिंकले."

टाळ्या झाल्या, पण विझत गेल्या. "एक्क्याण्णव कोण?" कुणीतरी विचारलं. लवूने माळ परत कागदात गुंडाळली.

"जिंकले ता बरा झाला," बाबल्या म्हणाला, "पण आपल्या पोराचा नाव नाय घेतलान."

गोदा भावाकडे वळली. चेहरा उतरला होता. "दादा, या खेपेला चुकला काय रे माझा?"

केरू उठला. बाबल्याच्या गळ्यातला ढोल काढून त्याने आपल्या गळ्यात घातला आणि पालखी सहाणेवर, तिच्या दगडी चौथऱ्यावर, चढताना वाजवतात तसा वाजवायला लागला.

"अहो मामा, नाव कुठं घेतलान?" बाबल्याने विचारलं.

"नाय घेतलान," केरू म्हणाला, आणि टिपरू आणखी जोरात मारलं.

सहा वर्षांपूर्वीच्या शिमग्याचा मोठा फोटो त्याच सभागृहाच्या भिंतीवर आहे. पालखी मधोमध आहे, गुलाल आहे, छत्री आहे. पुढच्या दांड्याखाली गर्दीतून दोन पोटऱ्या तेवढ्या दिसतात. त्या ऋत्विकच्या.