दोन बोटांचं अंतर

"आधी बूट काढा," मॅडम म्हणाल्या.

पण बाप बुटांसकट थेट मॅटवर आला. अकरा वर्षांच्या लेकीला शाळेचं दप्तर उचलता येईनासं झाल्यावर बुटांचं भान कुणाला राहतं? त्याचा संताप अगदी रास्त होता. कराटेचा वर्ग नुकताच सुटला होता. पोरगी त्याच्या मागे कंबरेवर हात ठेवून उभी होती.

त्याने फिजिओथेरपिस्टचा कागद मॅडमसमोर आपटला.

"वाचा! खुबे आखडलेत, तरी कुणीतरी जबरदस्तीने ताणलेत. त्याची सगळी ओढ कंबरेवर आली. आणखी असंच चाललं तर पोर कायमची अधू होईल!"

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "मी कुठल्याच मुलाला दाबत नाही. ज्याचं शरीर जितकं जाईल, तितकंच."

पकडला गेलेला प्रत्येक जण हेच म्हणतो.

"मग काय जादू झाली? पाय फाकवून बसली की जमिनीपासून चार बोटं वर राहायची. गेल्या आठवड्यात दोन बोटांवर आली!"

"दोन बोटं?" मॅडमनी विचारलं.

"हो, दोन! तुम्हाला नुसती पदकं हवीत. मुलं म्हणजे काय कणीक वाटली, हवी तशी तिंबायला?"

असल्या लोकांच्या हाती आपण डोळे झाकून पोरं सोपवतो, आणि वर त्यांना वाकून नमस्कार करायला शिकवतो! चीड यावी नाही तर काय?

"उद्याच तक्रार करतो. टाळं लावतो तुमच्या वर्गाला."

मॅडम पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"बाळा, ताणायचं अजिबात नाही. रोज सराव कसा करतेस, तेवढं बसून दाखव."

पोरगी बापाकडे बघू लागली.

"दाखव," तो म्हणाला. "घाबरू नकोस, मी आहे ना. कळू दे यांना."

ती सावकाश खाली बसली. जमतील तेवढे पाय दोन्हीकडे पसरले, हात पुढे टेकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आज मांड्यांवर उभं राहताना बूट काढा ना."