पुसता न येणारी नोंद

प्रसूतिगृहाचा संगणक सांभाळणाऱ्या दादाने तिथल्या नोंदींना एसक्यूएल या संगणकाच्या भाषेत तीन नियम लावले होते. आईच्या नोंदीशिवाय बाळाची नोंद होणार नाही. जन्माची वेळ पुढची चालणार नाही. आणि जिच्यावर दुसरी नोंद अवलंबून आहे, ती पुसता येणार नाही. माणसं ऐकत नसली तरी नोंदींचं टेबल ऐकतं, यावर त्याची गाढ श्रद्धा होती.

सकाळी अकराला त्याला एक नोंद दिसली. मुलगी, जन्म आज दुपारी चार वाजता. आईच्या जागी त्याच्या धाकट्या बहिणीचा क्रमांक होता. ती वरच्याच मजल्यावर बाळंतपणासाठी दाखल होती. बाळाची हालचाल मंदावली होती आणि डॉक्टर कालपासून धड काही बोलत नव्हते.

"काकू, ही तुम्ही भरलीत?"

"मी? पोटातल्या बाळाला टोपडं शिवायची खोड नाही हो मला," नोंदणीवाल्या काकू म्हणाल्या. "आणि तुमचे नियम भरू देतात होय?"

दादाने नियम तपासले. मुंगीही शिरली नसती.

उगाच नजर लागायला नको म्हणून त्याने नोंद पुसायला घेतली. संगणकाने नकार दिला: हिच्यावर दोन नोंदी अवलंबून आहेत.

त्याने त्या उघडल्या. दोन मुलगे, जन्म एकतीस वर्षांनंतरचे. आईच्या जागी त्या मुलीचाच क्रमांक.

"काय झालं हो?"

"आजोबा झालो, काकू," तो डोळे पुसत हसला. "मामा व्हायचोय अजून!"

निव्वळ आनंदाने त्याने पुन्हा पुसायचं बटण दाबलं.

हिच्यावर तीन नोंदी अवलंबून आहेत, संगणकाने कळवलं.