तिसरी चावी

बॉनेट गरम होतं. मंजुळाने हात उचलला आणि पुन्हा टेकवून पाहिला. शेडमध्ये तर ऊन येत नव्हतं.

बाबा जाऊन महिना उलटला होता. तेव्हापासून गाडीच्या दोन्ही चाव्या तिच्याकडेच होत्या. एक पर्समध्ये, एक कपाटात. आज कॉलेजची लायब्ररी लवकर बंद झाली म्हणून ती दुपारीच डोंबिवलीला परतली होती. दार उघडून आत बसू गेली, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट कुणीतरी पुढे ओढली होती. बाबा, म्हणजे सगळ्यांचे दाजी, चांगले उंच होते. त्यांचा ड्रायव्हर गोपीनाथ त्यांच्याहून उंच.

आई ओटीवर आडवी झाली होती, डोक्यावरून पदर ओढून.

"आई, गाडी कोणी नेलेली?"

"कोन नेनार? चाव्या तुझ्याकं." आईने कूस बदलली. "च्या ठेव जरा."

मंजुळाने चहा ठेवला. बाबा गेल्यापासून आईने उंबरठा ओलांडला नव्हता. वर्षश्राद्धापर्यंत ओलांडायचाही नाही, असं भावकीने बजावलं होतं. तसा गाडीशी आईचा संबंध तो काय? मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसायचं आणि खड्डा आला की "गो बाय" म्हणायचं.

गोपीनाथ हल्ली गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावायचा.

"मी?" तो हसला. "तायडे, खरं सांगू? दाजी असतानाच डुप्लिकेट मारून बघितलेली मी. मित्राच्या हळदीला गाडी मिरवायची होती. स्टेशनच्या चावीवाल्याने हुबेहूब कापून दिली. दार उघडलं, स्टार्टर फिरला, इंजिन जरा हुंकारलं नि गप्प. परत तेच. मागे वळतो तर दाजी उभे."

"मग?"

"बोलले, 'गोप्या, ही बैलगाडी नाय. कोनीपन हाकली तर चालायला.'"

मग मात्र त्याचं हसू ओसरलं. "पण दुपारचे मला घरी पाठवायचे ते. जा, जेव, झोप, बोलायचे. आणि गाडी बाहेर जायची. मी कधी विचारलं नाय. मोठ्या माणसाचा विषय."

मंजुळाला ते वाक्य रात्रभर पुरलं. 'मोठ्या माणसाचा विषय.'

शनिवारी दोन्ही चाव्या घेऊन तिने गाडी वर्तकनगरच्या गॅरेजमध्ये नेली, आणखी कुठली चावी चालते का ते तपासायला. स्वतःच चालवत. ड्रायव्हिंग ती क्लास लावून शिकली होती. बाबांना म्हणाली होती, तुम्ही शिकवा. त्यांनी हात झटकले होते. 'मला शिकवायला धीर नाही.'

गॅरेजमधल्या आनंदने डॅशबोर्डखाली वायर जोडली. हातातल्या यंत्राची बटणं दाबता दाबता तो सांगत होता, "चावीच्या डोक्यात चिप असते, मॅडम. तिला बॅटरी नाही. स्विचभोवती तारेचं कडं आहे, ते तिला जागं करतं. ती आपला नंबर सांगते. नंबर गाडीच्या लक्षात असला तर ठीक, नाहीतर इंजिन लगेच बंद. गाडी माणसाला नाही, चावीला ओळखते." त्याने यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. "तीन चाव्या आहेत."

"गाडीबरोबर दोनच आलेल्या."

"हो, तिसरी मीच शिकवली ना गाडीला. पावसाळ्याआधी. दाजीसाहेब स्वतः आलेले."

"एकटेच?"

आनंदने यंत्रावरची धूळ पुसली. "सोबत बाई होत्या. गाडी त्यांनीच चालवत आणली. साहेब बाजूच्या सीटवर."

"कशा होत्या?"

"आता कसं सांगू? गॉगल, पदर कपाळापर्यंत. मालकांसमोर मी किती बघणार? हातभर बांगड्या मात्र होत्या, गिअर टाकला की वाजायच्या. दोघं हसत होते. खूपच."

बाबांना कुणाबरोबर तसं हसताना मंजुळाने पाहिलं नव्हतं. आईबरोबर तर नाहीच. बाजाराला निघाले तरी ते पुढे आणि आई मागे.

"ती चावी काढून टाका."

"एकच काढता येत नाही. सगळ्या पुसायच्या आणि ज्या समोर आहेत त्या परत शिकवायच्या. जी इथे नाही, ती मेली."

"चालेल."

त्याने तिच्या दोन्ही चाव्या एकेक करून स्विचमध्ये फिरवल्या. काम इतक्या लवकर आटोपलं, की मंजुळाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

रात्री आईने भात वाढला. रिकाम्या मनगटांवर बांगड्यांचे फिकट वळ अजून होते. मंजुळाने तिकडे बघणं टाळलं. या बाईने जन्मभर त्या माणसाचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं, मोठ्या मानाने. तिला हे सांगायचं नाही. मेल्यावर तरी माणूस जसा वाटत होता तसा राहावा. निदान एका माणसासाठी.

"गारी नेलीस ती? ठीक हाय ना?" आईने विचारलं.

"आता ठीक आहे."

सोमवारी ती नेहमीसारखी निघाली, स्टेशनवर बाकावर बसून राहिली आणि दुपारी परत फिरली. त्या बाईचा चेहरा एकदा बघायचा होता. भांडायचं नव्हतं. एकच वाक्य तिने घोळवून ठेवलं होतं: 'तुमची चावी आता इथे चालणार नाही.'

गल्ली झोपलेली होती. गोपीनाथ रिक्षात पाय वर करून घोरत होता. मंजुळा विहिरीपाशी पोचली आणि तिने ऐकलं. स्टार्टर फिरला. इंजिन हुंकारलं. बंद पडलं. पुन्हा फिरला. पुन्हा बंद.

आईने ऐकू नये म्हणून ती पाय न वाजवता शेडपर्यंत गेली. पुन्हा स्टार्टर. पुन्हा शांतता. तिने हँडल धरलं आणि दार ओढलं.

पुढे ओढलेल्या सीटवर, रिकामे हात स्टिअरिंगवर ठेवून, आई बसली होती. गॉगल कपाळावर चढवलेला, डोळे भरलेले.

"मंजे," ती म्हणाली, "त्यांनी शिकवलेला सगला करून बगितला. आज गारी मना वलखत नाय गो."