नाड्याखालची जखम

ऑपरेशनचा गाऊन भागूबाईंना मुळीच पटला नव्हता. ना पदर, ना नाडा, मागं नुसत्या दोन बंदांच्या गाठी. पन्नास वर्षं कंबर करकचून आवळून शेतात वावरलेली बाई. आता कुठं काही आवळलेलंच नाही म्हटल्यावर कपडा गळून पडेल या धास्तीनं त्या एका हातानं गाऊन धरूनच कॉटवर आडव्या झाल्या.

"आत्या, सोडा हात. पडत नाही तो," उशाशी उभी असलेली सून पुनम म्हणाली. भागूबाईंनी हात काही सोडला नाही.

डॉक्टर मिनल मॅडम आल्या. त्यांनी पडदा ओढला, नर्सकडून निळं पेन घेतलं. कॅन्सरची डॉक्टर बाईमाणूस असू शकते, हे भागूबाईंना पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं, त्यामुळं कूस उघडी करायला त्यांनी कुरकुर केली नाही. उजव्या अंगाला, परकराचा नाडा बसतो बरोबर त्या जागी, लिंबाएवढी जखम होती. तुकडा तपासून झाला होता. कातडीचा कॅन्सर, असं रिपोर्टात आलं होतं. मॅडमनी जखमेभोवती पेनानं गोल काढला. तो आमटीच्या वाटीएवढा झाला.

"एवढं कापनार व्हय?" भागूबाईंनी मान उचलून विचारलं.

"आजूबाजूची चांगली दिसणारी कातडीही थोडी काढावी लागते, आजी. मुळं मागं राहिली तर पुन्हा उगवतं. खड्डा बुजवायला मांडीची पातळ कातडी लावू. जे काढू ते सगळं परत तपासायला जाईल. कडा स्वच्छ आल्या तर ठीक, नाहीतर अजून थोडं काढावं लागेल." मॅडमनी जांघेत बोटांनी चाचपलं. "आणि ही गाठ. हीसुद्धा आज काढून तपासायची." मग त्यांनी कागद पाहिला. "जखम दोन-तीन महिन्यांची, असं लिहिलंय. नक्की ना?"

ते पुनमनंच लिहून दिलं होतं. ती तोंड उघडायच्या आत भागूबाई बोलल्या.

"दोन-तीन म्हैनं कुठलं, बाई? गेल्या साली शिमग्याला हुती की."

"मग कुणाला दाखवली नाही?"

"दाखवली की. मी म्हणलं, पुरुष डाक्टरपुढं मी काय कंबर उघडी करायची न्हाई. तवा हिनं मोबाइलवर फोटू काढून नेला. त्यो डाक्टर काय म्हणला न्हाई, म्हंजी साधंच आसंल. मंग मी हळद लावत राह्यले."

 फोटो पुनमनं काढला होता, हे खरं. मी दाखवते, तुम्ही यायला नको, असंही तिनंच म्हटलं होतं. त्याच आठवड्यात कंपनीत ओव्हरटाइम लागला. मग पोराची परीक्षा, मग नणंदेचं बाळंतपण, आणि मग राहिलंच. सासू पुन्हा काही विचारत नाही, म्हणजे बरं झालं असेल, असं तिनं धरलं. आणि सून काही सांगत नाही, म्हणजे डॉक्टरनं साधं म्हटलं असेल, असं सासूनं धरलं. एका घरात, एका ताटात जेवून दोघींनी वर्ष काढलं.

"कोणत्या डॉक्टरांनी बघितलं?" मॅडमनी आता पुनमला विचारलं. "काही मलम दिलं, काही जाळलं-बिळलं? मला कळायला हवं."

घराजवळचा, कुरुळीच्या चौकातला एक दवाखाना दिवाळीत बंद झाला होता. डॉक्टर गाव सोडून गेला होता. त्याचं नाव सांगितलं असतं तर कोण विचारायला जाणार होतं? नाव पुनमच्या जिभेवर आलंसुद्धा. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं मोबाइल काढला. बाळाचं बारसं, कंपनीतली दसऱ्याची पूजा, लग्नाच्या पत्रिका, असं एकेक मागं सारत ती त्या फोटोवर आली आणि मोबाइल मॅडमच्या हातात दिला.

"कुणालाच दाखवला नाही, मॅडम. ह्यातच राहिला."

मॅडमनी फोटो मोठा केला. नाड्याचा पांढरा पडलेला वळ आणि त्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढी खपली. त्यांनी तारीख बघितली, कागदावरचं जुनं खोडलं आणि चौदा महिने असं लिहिलं. रागावल्या असत्या तर पुनमला बरं वाटलं असतं.

"तेव्हा आणलं असतं तर?" तिनं विचारलं.

"तेव्हा छोटं काम होतं," मॅडम म्हणाल्या. मोबाइल परत देऊन त्या तयारी बघायला बाहेर गेल्या.

"बघू," म्हणत भागूबाईंनी मोबाइल मागून घेतला आणि लांब धरला. स्वतःची कंबर त्यांनी अशी कधी बघितली नव्हती. बराच वेळ त्या बघत राहिल्या. पुनमनं त्यांच्या पायांवरची चादर उगाच सारखी केली. शिव्या द्या, आत्या, असं तिला म्हणायचं होतं.

"म्हंजी त्यो डाक्टर..."

"कुणी नव्हताच, आत्या."

भागूबाईंनी मोबाइल छातीवर पालथा ठेवला.

"आन् मी वर्षभर रोज दिवा लावताना म्हणायची, त्या डाक्टरचं भलं कर," त्या म्हणाल्या. "नाव ठावं न्हवतं, तर नुसतंच डाक्टर म्हणायची."