एका बाजूचा भार

मेकॅनिकसमोरही तेच झालं. वॉशिंग मशीनमधलं पाणी निघून गेलं, ते दोनदा घरघरलं आणि पिळायची वेळ आली तसं थांबलं.

त्यानं झाकण उघडलं. आत सासऱ्यांची गोधडी, पाणी पिऊन दगडासारखी जड झालेली. ती सासूबाईंनी शिवलेली. त्या गेल्यापासून मामंजींना दुसरं पांघरूण चालत नाही, आणि अंथरूण तर रोजच ओलं होतं.

“बिघाड नाहीये, ताई. एकटी गोधडी टाकली की सगळा भार एका बाजूला जातो, मग मशीन फिरतच नाही. ही हातानंच पिळा.” तो निघून गेला.

गोधडी पिळायला दोघं लागतात. मी एक टोक नळाला बांधलं आणि दुसऱ्याला पीळ देऊ लागले. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तो खांद्यानं कानाशी धरला.

“वहिनी, किती दिवस त्या जुन्या मशीनशी झटापट करणार? मी इथून नवीन पाठवते ना तुला.”

नळाची गाठ सुटली. गोधडी धप्पकन माझ्या पायांवर पडली.

“मशीन चांगलं आहे, वन्सं,” मी म्हटलं. “गोधडीचं दुसरं टोक धरायला कुणी नाही. तुम्ही कधी येताय?”